खिळा खोटं बोलत नाही

मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी खांदे बघतात, मग मनगट, मग पोट, आणि एवढं करून वेळ उरला तर चेहरा. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिंपी. रस्त्याने चाललेल्या परक्या माणसाकडे बघून ते मला सांगतात, "डावा खांदा उतरलाय बघा, वर्षानुवर्षं ओझं वाहिलंय यानं," आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. या बरोबर निघण्यानेच त्यांचा घात केला असं माझं मत आहे. सतत चुकणारा माणूस निदान दुसऱ्याला विचारतो तरी. नेहमी बरोबर असणाऱ्याला ती सवयच राहत नाही.

माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. बटणं, दोरे, अस्तर, चेन असला चिल्लर माल. दोन दुकानांच्या मध्ये भिंत नाही, लाकडी फळ्या आहेत, आणि एका फळीत हात जाईल एवढी फट आहे. त्या फटीतून ते बटणं मागतात आणि मी त्यांच्या घरची भांडणं ऐकते. मुद्दाम ऐकते असं नाही. पण ऐकू आलं तर कानात बोळे घालून बसण्याइतकी मी साधूही नाही.

मास्तरांची शाळा चौथीतच सुटली. एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली ते काज करायला बसले. टाका वाकडा पडला की तो म्हातारा लाकडी पट्टी बोटांवर हाणायचा. त्या पट्टीमुळे हात सरळ झाला असं मास्तर कौतुकाने सांगतात. मला विचाराल तर बोटंच तेवढी वाकडी झाली. पण एक गोष्ट त्या म्हाताऱ्याने त्यांच्या डोक्यात पक्की घातली, की गिऱ्हाईक सांगतं ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं, आपल्या टेपने मोजायचं. पोट आत ओढून उभा राहणारा माणूस तोंडाने काहीही सांगेल, टेप सांगणार नाही. लिहिलेल्या कागदावर तर मास्तरांचा काडीचा विश्वास नाही. कागदाला तोंड नसतं, म्हणून तो लिहिणाऱ्याचंच बोलतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पुढे तयार कपड्यांची मोठी दुकानं आली आणि शिलाईचं काम आटलं. पँटच्या खालची बाजू दुमडायची, चेन बदलायची, जाड झालेल्याची कंबर सोडायची, बारीक झालेल्याची घ्यायची, एवढंच उरलं. तेव्हा कोटाचा धंदा सुरू झाला, तोही ठरवून नव्हे. कोणीतरी एक काळा कोट शिवायला टाकून न्यायलाच आलं नाही, वर्षभर तो टांगून राहिला. एक दिवस एक विद्यार्थी आला, म्हणाला उद्या नोकरीची मुलाखत आहे, एका दिवसापुरता देता का. मास्तरांनी दिला. आठवड्यात त्याचे मित्र आले. मग मास्तरांनी उरल्यासुरल्या कापडाचे आणखी कोट शिवले, आत भरपूर कापड सोडून, म्हणजे हवे तसे सैल-घट्ट करता येतील. प्रत्येक कोटाला नाव होतं. मोठा काळा, बारका काळा, निळा, आणि एक राखाडी होता त्याला "साहेब" म्हणायचे. साहेब कोणालाच नीट बसायचा नाही आणि सगळ्यांना तोच हवा असायचा.

ज्याच्याकडे अनामत ठेवायला पैसे आहेत तो भाड्याने कोट कशाला नेईल? म्हणून मास्तर अनामत म्हणून कॉलेजचं ओळखपत्र ठेवून घ्यायचे. आरशाच्या वर एक जाड खिळा होता, त्याला ती ओळखपत्रं दोरीने लटकत. कोट परत आणला की ओळखपत्र परत.

आमच्या भागात कॉलेजं दोन. एक टेकडीवर, त्याला आम्ही वरचं म्हणतो. दुसरं बसच्या आगारामागे, ते खालचं. वरच्याची ओळखपत्राची दोरी निळी, खालच्याची लाल. आणि खिळ्यावर बघाल तेव्हा लालच लाल. निळी दोरी कधीतरी, चुकून वाट हुकल्यासारखी.

मास्तरांना एकच मुलगी. अभ्यासात हुशार, बोलायला कमी. शाळेतून आली की दुकानात बसायची, कापायच्या मेजाच्या एका टोकाला तिची वह्या-पुस्तकं आणि दुसऱ्या टोकाला बापाची कात्री. बारावीला तिला चांगले गुण पडले आणि दोन्ही कॉलेजांत जागा मिळाली. इथून सगळं सुरू झालं.

खालच्याची फी पोटाला चिमटा काढून भरता येण्यासारखी होती. वरच्याची तिच्या दुप्पट, आणि गुणांबद्दल सूट देऊनसुद्धा वर आणखी थोडी. तेवढी भरायची तर एकच मार्ग होता. मोबाईल दुरुस्त करणारा एक जण दुकानाचा पुढचा अर्धा भाग कायमचा मागत होता, तो त्याला द्यायचा आणि मास्तरांनी मागच्या अंधारात मशिन घेऊन बसायचं. रस्त्यावरून मास्तर दिसले नाहीत तर कोट कोण मागायला येणार, हा प्रश्न होताच. अर्धं दुकान की मुलीचं कॉलेज, असा सरळ सौदा होता.

बापलेक दोन्हीकडे जाऊन आले. वरच्या कॉलेजात कचेरीतल्या बाईंनी त्यांना एक छापील कागद दिला. कितीजण शिकायला आले, त्यांतले किती पूर्ण करून बाहेर पडले, वर्षभरात कितीजणांना काम लागलं, पगार साधारण किती, सगळं त्यावर होतं. बाईंनी नीट समजावूनही सांगितलं म्हणे. मास्तरांनी कागद घडी करून खिशात घातला, दुकानात येऊन बोटांनी चाचपला आणि त्यातून कॉलरचं माप कापलं. कागद जाड होता, वाया जायला नको.

खालच्या कॉलेजात कोट घातलेला एक माणूस भेटला. कोटाची बाही दोन बोटं लांब होती, हे मास्तरांनी मला आल्या आल्या सांगितलं. पण त्या माणसाने त्यांना चहा दिला, खुर्ची दिली आणि म्हणाला, आमच्याकडे दर आठवड्याला कंपन्या मुलाखती घ्यायला येतात. मास्तर म्हणाले, ते तुम्ही मला सांगू नका, मला ठाऊक आहे. आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट समोरच्याने सांगितली की तो माणूस केवढा खरा वाटतो. ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या शब्दावर भरवसा ठेवला नाही, तो त्या दिवशी लांब बाहीवाल्यावर ठेवून आला.

घरात मात्र मास्तरीणबाई हटून बसल्या. त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या, चादरी उकळून उकळून हात लाल झालेले, आणि बोलणं थोडं पण टाचणीसारखं. त्यांचं म्हणणं, दुकान द्या पण पोरीला वर घाला. एका संध्याकाळी बाई दुकानात आल्या तेव्हा मास्तर म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्यावर बाईंचं उत्तर मी फटीतून स्पष्ट ऐकलं.

"पोरीचे पाय लांब आहेत. अंथरूण शिवायला तुम्ही शिंपी आहात ना?"

मी एकटीच हसले. मग मास्तरांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दुरून डोंगर साजरे. वरच्या कॉलेजातून इतक्या वर्षांत मुलाखतीला किती पोरं गेली ते या खिळ्याला विचार. आणि खालच्याची बघ. खिळा रिकामा म्हणून होत नाही. कागद खोटं बोलेल, माणूस खोटं बोलेल, खिळा खोटं बोलत नाही."

"विचारायचं तर शिकून बाहेर पडलेल्यांना विचारा," बाई म्हणाल्या. "खिळ्याला काय विचारता?"

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, मास्तर, वरच्या पोरांचे आईबाप पैसेवाले, त्यांच्या घरी स्वतःचे कोट असतील. मास्तरांकडे याचंही उत्तर तयार होतं. वरच्या कॉलेजच्या फाटकावर जो रखवालदार आहे त्याचा मुलगा तिथेच शिकत होता, फी माफ होती म्हणून. त्याच्याकडे कुठून येणार कोट? तो आला होता त्याच वर्षी, बारका काळा घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी परत दिला, हात जोडले आणि गेला. "एकदाच," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी कणव होती. "एकदाच बोलावलं बिचाऱ्याला. पुन्हा कोणी विचारलंच नाही. नाहीतर खालच्या पोरांना बघा, एकेक जण चार-चार, पाच-पाच वेळा कोट नेतो. कंपन्या मागे लागल्यात त्यांच्या."

हे इतकं व्यवस्थित होतं, की मलासुद्धा पटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? डोळ्यांसमोर खिळा होता, खिळ्यावर लाल दोऱ्या होत्या. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, बाबा म्हणतात ते बरोबर असेल. त्या खिळ्यावर ओळखपत्रं अडकवतच ती मोठी झाली होती. तिच्या मनात वरचं होतं, हे तिच्या आईला कळत होतं, मला कळत होतं. मास्तरांनाही कळलं असतं, पण चेहऱ्याकडे बघायची त्यांना सवय नाही.

ती खालच्या कॉलेजात गेली. अर्धं दुकान वाचलं. आणि मास्तरांच्या अकलेचा गल्लीत डंका वाजला.

पुढच्या उन्हाळ्यापासून लोक त्यांच्याकडे सल्ल्याला यायला लागले. बारावीचा निकाल लागला की मशिनसमोरच्या बाकावर आईबाप येऊन बसत. मास्तर त्यांना खिळा दाखवत. लोक माना डोलवत. एवढ्या साध्या खुणेवरून या माणसाने काय हेरलंय, असं म्हणत जात आणि पोरांना खाली घालत. न्हाव्याचा धाकटा गेला, पाववाल्याची पुतणी गेली, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा भाचा गेला. सल्ल्याचे पैसे मास्तरांनी कधी घेतले नाहीत. मी चेष्टेने म्हणायचे, सल्ला फुकट, कोटाचं भाडं वेगळं. तेव्हा आम्ही दोघंही हसत होतो.

मुलगी आणखी कमी बोलायला लागली. विचारलं तर म्हणायची, ठीक आहे. कधी फटीतून एखादं वाक्य यायचं. प्रयोगशाळेला कुलूप आहे. एका विषयाला सर नाहीत, नुसती छापील टिपणं वाटलीत. मास्तर म्हणायचे, शिकणाऱ्याला कुठेही शिकता येतं, मी पट्टीखाली शिकलो. मास्तरीणबाई काही म्हणायच्या नाहीत. त्यांनी एकदा सांगून झालं होतं, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

शेवटच्या वर्षी मुलीच्या मुलाखती सुरू झाल्या. मास्तरांनी तिला कोट शिवला. भाड्याचा नव्हे, तिचा स्वतःचा. गर्द निळं कापड, माझ्याकडचं सगळ्यात भारी अस्तर, आणि बटणं निवडायला त्यांनी माझी सगळी खोकी पालथी घातली. इतक्या पोरांच्या अंगावर दुसऱ्याचे कोट चढवले, माझी पोरगी आपल्या मापाचा घालून जाईल, असं ते म्हणाले, आणि डोळे पुसायला नको म्हणून चष्मा पुसत बसले. तो कोट तिला असा बसला होता की मी आजही विसरलेले नाही. पहिल्या मुलाखतीला ती गेली तेव्हा मी दुकान सोडून रस्त्यावर उभी होते.

आल्यावर म्हणाली, कळवतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात दुसरी कंपनी आली. मग तिसरी. मास्तर अभिमानाने मला सांगायचे, आज परत बोलावलंय. पुढे पुढे ते सांगेनासे झाले.

हळूहळू काय ते बाहेर आलं. कंपन्या येत होत्या हे खरंच होतं. सभागृह फुकट, चहा फुकट, फोटो काढून घ्यायचे, ते कॉलेज भिंतीवर लावणार. मुलांची नावं, फोन नंबर लिहून घ्यायचे आणि जायचं. काही दिवसांनी फोन यायचा की तुमची निवड झाली आहे, आधी आमचं प्रशिक्षण घ्या, त्याचे इतके पैसे भरा. कोणी दारोदार फिरून विमा विकायचं काम द्यायचे, पगार नाही, विकलं तर टक्केवारी. मुलं आशेने पुढच्या मुलाखतीला जायची. त्यासाठी कोट लागायचा.

रोज इस्त्री करून कापडाला एक चमक येते. कोपरावर, खिशाच्या कडेवर. भाड्याच्या कोटांना ती आली की मास्तर खूश व्हायचे, हा कोट कमावतोय म्हणायचे. ती चमक मुलीच्या कोटाला आली. एक दिवस इस्त्री करता करता ते थांबले, कोपर उजेडात धरून बघत राहिले, मग ओल्या फडक्याने घासत बसले. त्यांना कळलं नसेल असं मी कसं म्हणू? कापडातलं त्यांना न कळणारं काही नाही. पण कळणं आणि मानणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर माणूस जमेल तितकं लांबवतो.

एका दुपारी रखवालदाराचा मुलगा आला. सोबत त्याचा म्हातारा बाप. मास्तरांनी त्याला खांद्यांवरून ओळखलं. बापाला कोट शिवायचा होता. आयुष्यभर यांनी फाटकावरचा गणवेशच घातलाय, मुलगा म्हणाला, एक कोट त्यांच्या स्वतःच्या मापाचा हवा. म्हातारा लाजून उभा होता, हात बाजूला धरा म्हटलं तर सलामाला उचलल्यासारखे धरत होता. मुलगी बाजूला आपल्याच कोटाला इस्त्री करत होती.

मास्तरांनी टेप लावता लावता मुलाला मायेने विचारलं, की बाबा रे, त्या वेळेनंतर पुन्हा कुठे मुलाखत मिळाली का.

मुलगा गोंधळला. "पुन्हा कशाला? त्यांनी त्याच दिवशी घेतलं मला. तिथेच आहे अजून, आता वरच्या जागेवर."

मास्तरांनी बापाचं माप पूर्ण घेतलं. पण त्यांनी छाती दोनदा मोजली, हे मी फटीतून बघितलं. इतक्या वर्षांत कोणाची छाती त्यांना दोनदा मोजावी लागलेली नाही.

ती दोघं गेल्यावर मुलगी बोलली. रागाने नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, ज्याचं काम होतं तो एकदाच येतो. खिळ्यावर दिसायची ती लागलेली पोरं नव्हती. न लागलेली होती."

मास्तर टेप गुंडाळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

"पहिल्या वर्षाच्या शेवटी."

"मग बोलली का नाहीस?"

"फी भरून झाली होती," ती म्हणाली. "आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होता."

मी माझ्या दुकानात बटणं निवडत होते, ती तशीच हातात राहिली. मला त्या लांब बाहीवाल्याचा राग आला, कॉलेजचा आला, पण सगळ्यात जास्त मास्तरांचा आला. एवढा हुशार माणूस! दुसऱ्याचा खांदा बघून त्याचा जन्म सांगणारा, आणि चार वर्षं दारात येणाऱ्या पोरांच्या तोंडाकडे त्याने एकदा बघितलं नाही. तोच मुलगा पाचव्यांदा कोट न्यायला आला तेव्हा त्याचं तोंड कसं झालंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मास्तर बघत होते की कोट पाठीत घट्ट होतोय का. मग माझा राग उतरला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. पैसेवाल्याने चुकीचं कॉलेज निवडलं तर तो दुसरं निवडतो. आमच्यासारख्याला निवड एकदाच मिळते आणि ती करायला हाताशी काय, तर एक खिळा.

त्या रात्री काय बोलणं झालं मला माहीत नाही, मास्तरीणबाईंनी मात्र कधीही "मी म्हणाले होते" असं म्हटलं नाही. मास्तर त्या वाक्याची वाट बघत होते. महिनोन् महिने वाट बघत होते. ते आलं असतं तर त्यांना भांडता तरी आलं असतं.

एकदा ते म्हणाले, कोट भाड्याने देणं बंद करतो. बाईंनी विचारलं, मग खायचं काय? आणि यात आणखी एक काटा होता, तो कोणी बोलून दाखवला नाही तरी सगळ्यांना टोचत होता. पोरीची फी आली कुठून? त्याच कोटांतून. पाच-पाच वेळा हात हलवत परतणाऱ्या पोरांच्या भाड्यातून. ती पोरं पहिल्याच फेरीत नोकरीला लागली असती, तर मास्तरांची कमाई कधीच बसली असती. खालच्या कॉलेजवर धंदा चालला आणि त्या धंद्यावर मुलगी खालच्या कॉलेजात शिकली. मास्तरांनी खिळा मात्र आरशावरून काढून मागच्या भिंतीला मारला. तिथेही तो भरलेलाच असतो.

न्हावी आता त्यांच्याशी बोलत नाही. त्याचा धाकटा दुसऱ्या शहरात गोदामात खोकी उचलतो. पाववाल्याची पुतणी लग्न करून गेली. औषधवाला येतो, बोलतो, पण भाच्याचा विषय काढत नाही. मास्तर स्वतःहून त्याच्या दुकानात गेले होते, चुकलं म्हणाले. औषधवाला म्हणाला, तुम्ही आपल्या पोरीलाही तिथेच घातलं ना, मग तुमच्या मनात पाप नव्हतं. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना झोप तरी लागली असती.

मुलगी आता दुकानात बसते. दुसरं मशिन चालवते, पँटा दुमडते, कंबर सोडते. तात्पुरतं आहे असं सगळे म्हणतात. तात्पुरतं या शब्दाचं आयुष्य मी बघितलंय, तो माणसापेक्षा जास्त जगतो. तिचे टाके सुरेख सरळ पडतात. मास्तर ते बघतात आणि दुसरीकडे तोंड फिरवतात. आपल्या मुलीच्या हाताला शिलाई यावी म्हणून त्यांनी तिला शिकवलं नव्हतं.

परवा बेकरीत काम करणारी एक बाई आली, सोबत मुलगा. कोवळा, उंच, मान खाली. मास्तरांची कीर्ती अजून कुठे कुठे शिल्लक आहे. तिने विचारलं, कोणत्या कॉलेजात घालू. मास्तर मशिनवरून उठले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"वर घाला. कर्ज काढा, काही विका, काहीही करा, पण वर घाला. खाली नको."

बाई जराशी मागे सरकली. तिची नजर दुसऱ्या मशिनकडे गेली. "ही तुमचीच मुलगी ना? ही कुठे शिकली?"

"खाली."

"बरं," बाई म्हणाली. एवढ्या एका शब्दात तिने मास्तरांचं माप घेतलं. "स्वतःच्या पोरीच्या वेळी बरं तुम्हाला कमी खर्चाचं सुचलं."

मास्तरांनी समजावायचा प्रयत्न केला. म्हणाले, तीच तर चूक झाली. तिला मागच्या भिंतीकडे घेऊन गेले, खिळा दाखवला, सांगितलं की ही सगळी न लागलेली पोरं आहेत, लागतो तो परत येत नाही. बाई लक्ष देऊन ऐकत होती. पण डोळे लाल दोऱ्यांवर होते, आणि त्या मोजताना तिचा चेहरा हळूहळू निवांत होत गेला. तो चेहरा मी आधी पाहिलेला आहे. मी त्या फटीतून बघत होते आणि मला तिला हाताला धरून हलवावंसं वाटत होतं.

"एवढी पोरं मुलाखतीला जातात म्हणजे काहीतरी असेलच की," ती म्हणाली. "उगाच का कोणी बोलावतं?" मग तिने मुलाला चल म्हटलं. जाताना मास्तरांचे आभार मानले, मनापासून. खरंच तिचं काम झालं होतं.

दोघं रस्ता ओलांडून आगाराच्या बाजूला वळले. मास्तर दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं आता मुलगी रडेल, निदान उठून आत जाईल. तिने मशिनवरून मानही वर केली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "त्याचं माप घेऊन ठेवायचं ना."

मास्तर सवयीने बोलून गेले, "आत्ता घेऊन काय उपयोग. खांदे भरायचेत त्याचे अजून."

"मग चार वर्षांनी घ्या," ती म्हणाली. "येईलच तो."